दहा माणसं, एक गोल टेबल: कँटनीज जेवण वाटून कसं खायचं?

पानगळ

मंडळी, सल्ला हवाय आणि शनिवारच्या आत हवाय.

आम्ही सहा महिन्यांपूर्वी हाँगकाँगला आलो. सासू-सासरे सध्या साताऱ्याहून इथे आलेत. ऑफिसातल्या माझ्या वरिष्ठ बाईंनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलंय. त्यांचं कुटुंब आणि आमचं मिळून दहा माणसं. कोवलूनमधलं जुनं कँटनीज, म्हणजे दक्षिण चीनकडच्या पद्धतीचं रेस्टॉरंट आहे, बाईंचे आईवडील वर्षानुवर्षं तिथेच जातात. इतक्या मायेने बोलावलंय की नाही म्हणवत नाही, आणि मला मनापासून जायचंही आहे.

अडचण अशी की सगळे पदार्थ मध्ये फिरत्या काचेवर ठेवतात आणि सगळे त्यातूनच घेतात. सासूबाई शाकाहारी, आणि उष्ट्या-खरकट्याचं त्यांचं फार काटेकोर असतं. घरी वाढताना डाव कुणाच्या ताटाला लागला तरी धुऊन परत भांड्यात जातो. काल त्यांनी मला सरळ विचारलं, "तोंडात घातलेली काडी परत भांड्यात घालतात ना गं ते?" मला उत्तर देता आलं नाही. सासरे मासे-कोंबडी खातात, पण बीफ आणि पोर्क नाही.

असं जेवण कुणी जेवलंय का? सासूबाईंना न्यावं की घरीच त्यांच्यासाठी काही करून ठेवावं?

तांबडारस्सा

पर्समध्ये ठेच्याची बाटली ठेव. बाकी सल्ले जाणकार देतीलच.

कोवलूनकर

बारा वर्षं इथे आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी सासूबाईंचा प्रश्न. बऱ्याच रेस्टॉरंटमध्ये प्रत्येकापुढे काड्यांच्या दोन जोड्या ठेवतात. रंग वेगवेगळे असतात. एक जोडी भांड्यातून वाढून घ्यायची, दुसरी तोंडाची. नाहीतर प्रत्येक ताटलीत एक वाढायची जोडी किंवा मोठा चमचा असतो. याला 'गुंग फाय' म्हणतात, म्हणजे सगळ्यांच्या काड्या. २००३ मध्ये सार्सची साथ आली, हाँगकाँगने फार सोसलं, आणि त्यानंतर ही पद्धत इथे पक्की रुजली. जुन्या घरांमध्ये आपापल्या काड्यांनी घेणारी माणसं अजून आहेत, पण पाहुणे असताना वाढायच्या काड्या असतातच. नसल्या तर "गुंग फाय, म् गोय" एवढं म्हण. 'म् गोय' म्हणजे कृपया आणि आभार, दोन्ही.

दुसरं. बसल्याबसल्या एक मोठा वाडगा आणि गरम चहाची किटली येईल. लगेच पिऊ नका. जुन्या ठिकाणी पहिल्या चहाने आपापले कप, वाटी, चमचा आणि काड्या विसळतात आणि ते पाणी मधल्या वाडग्यात ओततात. भांडी स्वच्छच असतात, तरी लोक विसळतात, ती सवयच आहे. सासूबाईंना हे नक्की बघू दे. माझ्या आईने हे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे ही आपल्यातलीच माणसं आहेत." त्यानंतर ती निवांत जेवली.

वैद्यबुवा

वरच्या प्रतिसादाला जोड. टेबलावरच्या फिरत्या तबकामागे एक डॉक्टर आहेत. डॉ. वू लियेन-तेह. जन्म १८७९ चा, आताच्या मलेशियातल्या पेनांगचा. वडील दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या तैशानचे, म्हणजे कँटनीज मुलखातलेच. शिकले केंब्रिजला. १९१०-११ मध्ये ईशान्य चीनमधल्या मांचुरियात फुफ्फुसाचा प्लेग पसरला तेव्हा तो आटोक्यात आणायचं काम त्यांनी केलं, तोंडावर कापडी मास्क बांधायचा आग्रह धरला. एका ताटलीतून दहाजणांनी खाल्लं की रोग पसरतो हे ते कळकळीने सांगत राहिले. पण चिनी माणसाला एकत्र जेवण सोडा असं सांगून काही उपयोग नाही हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून १९१५ च्या सुमारास त्यांनी फिरतं तबक आणि वाढायला वेगळा चमचा-काड्या असा तोडगा सुचवला.

तेव्हा तुमच्या सासूबाईंनी विचारला तोच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका मोठ्या डॉक्टरला पडला होता. हे त्यांना जरूर सांगा. मला तर त्या फिरत्या काचेकडे पाहिलं की या माणसाची आठवण येतेच.

रोखठोक

मी वेगळं मत मांडतो. सासूबाईंना नेऊ नका. वयस्कर माणसाला समोर डोक्यासकट कोंबडी आणि डोळ्यांसकट मासा ठेवलेल्या टेबलावर दोन तास बसवायचं हा अन्याय आहे. त्या तुमच्यासाठी हो म्हणतील आणि उपाशी उठतील. घरी वरणभात करून ठेवा, त्या सुखात राहतील. प्रत्येक अनुभव प्रत्येकाने घ्यायलाच हवा असं नाही.

शाकंभरी

रोखठोक, काळजी पटली, निष्कर्ष नाही पटला. त्यांनाच विचारा ना. मी जन्मापासून शाकाहारी आणि व्हँकुव्हरजवळ रिचमंडला राहते. इथे कँटनीज वस्ती मोठी आहे. अशा टेबलांवर मी कितीतरी वेळा बसलेय आणि भरल्यापोटी उठलेय. मात्र त्याची तयारी आधी करावी लागते, टेबलावर बसून होत नाही.

'भाजी' मागितली म्हणजे शाकाहारी मिळेल असं धरू नका. इथे फसायला होतं. चोय सम किंवा गाय लान या पालेभाज्यांवर जो काळपट चकचकीत सॉस असतो तो ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा. 'सेऊंग टॉन्ग'मधली पालेभाजी दिसायला साधी, पण ते पाणी कोंबडी, पोर्क आणि हॅम उकळून केलेलं. टोफूवर खिमा भुरभुरवलेला असू शकतो. वाढणाऱ्याच्या मनात फसवायचं नसतं. त्यांच्या लेखी भाजी म्हणजे भाजी, आणि तिला चव यावी म्हणून रस्सा.

म्हणून शब्द वापरायचा 'जाय'. 'सिक जाय' म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी खाणं. हा शब्द ऐकला की कँटनीज माणसाला सगळं कळतं: मांस नाही, मासा नाही, त्यांचा रस्सा नाही, चरबी नाही. आपल्याकडे 'उपासाचं' म्हटलं की साबुदाणा का चालतो आणि पोहे का नाही हे जसं समजावावं लागत नाही, तसंच. मागवण्यासारखा पदार्थ 'लो हान जाय': मश्रूम, टोफूची साय, काळी बुरशी, कोबी, शेवया, सगळं मंद शिजवलेलं. वरिष्ठ बाईंना आत्ताच कळवा, शनिवारी नको. त्या फोन करून सांगतील आणि स्वयंपाकी कढई धुऊन करेल.

आणखी एक. पालेभाज्यांत 'तुंग चोय' असते का विचारा. ती म्हणजे आपली नाळीची भाजी! लसूण घालून परतलेली मागा. आंबवलेल्या टोफूबरोबरही करतात, चव उत्तम असते, पण त्या टोफूत बहुतेक वेळा तांदळाची दारू असते. सासूबाईंना चालत नसेल तर लसणाचीच बरी.

रेवसची_सई

नाळीची भाजी हाँगकाँगमध्ये!! आमच्या परसात पाण्याच्या कडेला यायची. आजी कोवळी देठं घ्यायची, जून देठं टाकून द्यायची. वाचतेय, लिहीत राहा.

भोसरीकर

माझा छोटा कारखाना आहे, सुटे भाग बनवतो. ग्वांगझूच्या कँटन फेअरला सहा वेळा गेलो. १९५७ पासून भरतं हे प्रदर्शन, वर्षातून दोनदा, आणि तिथे मराठी माणूस हमखास भेटतो. माझा अनुभव पैशांचा आहे, नव्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

पहिल्या वर्षी आम्ही सहाजण एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये गेलो. दारातच काचेच्या टाक्या, त्यात जिवंत मासे, कोळंबी, खेकडे. मासा निवडला, भाव खुणेने विचारला, मुलीने आकडा दाखवला. आम्हाला वाटलं अख्ख्या माशाचा. बिल आलं ते जवळजवळ तिप्पट. फसवणूक म्हणून आम्ही आवाज चढवला, नंतर कळलं की भाव 'जिन'ला होता. चीनच्या मुख्य भूमीवर जिन म्हणजे ५०० ग्रॅम. हाँगकाँगमध्ये तेच माप 'कान', साधारण ६०५ ग्रॅम. आणि मेनूत जिथे आकडा नसून 'आजचा भाव' असं लिहिलेलं असतं तिथे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. आवाज चढवल्याचं मला आजही वाईट वाटतं. ती मुलगी विशीची असेल, रडवेली झाली होती. पण भाव कशाचा आहे हे कागदावर लिहून दाखवायला त्या हॉटेलला काय हरकत होती, हेही वाटतंच.

चांगली पद्धत अशी: निवडलेला मासा पिशवीत किंवा टोपलीत घालून टेबलापाशी आणून दाखवतात, वजन सांगतात, तुम्ही मान हलवली की आत जातो. मान हलवायच्या आधी हिशेब करा.

पानगळताई, तुम्ही पाहुणे आहात, तुम्हाला हे लागणार नाही. इतरांसाठी लिहिलं.

डॉकयार्डरोड

जरा अवांतर. कँटनीज माणसं आपल्या मुंबईतही होती आणि थोडी अजून आहेत. माझगावात नवाब टँक रोडला 'सी यिप' मंदिर आहे, १९१९ सालचं. ग्वांगडाँगमधल्या चार तालुक्यांचं नाव 'सी यिप', तिथून आलेल्या खलाशांनी बांधलं. डॉ. वू यांच्या वडिलांचं तैशान याच चारांतलं. वरच्या मजल्यावर लहानसा लाल देव्हारा आहे, उदबत्तीचा वास जिन्यापर्यंत येतो. मी लहानपणी त्या गल्लीतून शाळेत जायचो आणि आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. चिनी नववर्षाला तिथे दिवे लागतात, गर्दी होते.

आपण ज्याला 'चायनीज' म्हणतो ते मात्र वेगळंच. चिकन मंचुरियन १९७५ मध्ये मुंबईतच नेल्सन वाँग यांनी केलं. कोवलूनमध्ये कुणी ते मागू नये.

तांबडारस्सा

म्हणजे ट्रिपल शेजवानही नाही? मग दहा माणसं बसतात तरी कशासाठी?

कोवलूनकर

@तांबडारस्सा, सांगतो.

कँटनीज जेवण तिखटासाठी नसतंच, वस्तूच्या ताजेपणासाठी असतं. आधी सूप येतं, दोन-तीन तास मंद आचेवर ठेवलेलं. 'लोऊ फो टॉन्ग', जुन्या आचेचं सूप. (पानगळ, यात बहुतेक वेळा पोर्कची हाडं असतात, दिसायला निव्वळ कमळकाकडी किंवा कोहळा असला तरी. सासऱ्यांना आधी सांग.) मग कोंबडी, भाजी, एखादं तळलेलं. कोंबडी साधी पाण्यात शिजवलेली, हाडाजवळ किंचित गुलाबी, बरोबर आलं आणि कांद्याच्या पातीचं तेल. बघणाऱ्याला वाटतं कच्ची आहे. शिजलेली असते, आणि अशीच हवी.

मग मासा. हा क्षण चुकवू नका. अख्खा मासा वाफवलेला, वर आल्याच्या आणि पातीच्या केसासारख्या बारीक चिरोट्या. वरून कडकडीत तेल ओततात, चर्र आवाज होतो, मग कडेने गोडसर सोया सॉस. एवढंच. पाऊण किलोच्या माशाला वाफेवर दहाएक मिनिटं. दोन मिनिटं जास्त झाली तर टेबलावरची आजी पहिल्या घासाला सांगते. माशाचं तोंड मानाच्या पाहुण्याकडे करतात आणि यजमान गालाजवळचा मऊ तुकडा काढून त्या पाहुण्याच्या वाटीत घालतो. शनिवारी तो तुझ्या सासऱ्यांच्या वाटीत येणार, माझी खात्री आहे. वरची बाजू संपली की मासा उलटायचा नाही, काटा उचलून खालची बाजू खायची. इथल्या मासेमारांत मासा उलटणं म्हणजे होडी उलटणं.

आणि बशीभर चिरलेली लाल मिरची सोया सॉसमध्ये मागितली तर हसतमुखाने देतात.

रेवसची_सई

मासा न उलटणं!! आमच्याकडे असा नियम ऐकला नाही, पण पटला लगेच. बाकी मसाल्याशिवाय मासा म्हणजे बेचव असं इथे कुणी म्हणायच्या आत सांगते, ताजी बोंबील-कोलबी आमच्याकडेही नुसत्या मीठ-हळदीत होते. मसाला शिळेपणा झाकायला लागतो असं आजी म्हणायची. ते लोक खारवलेला मासा भातात घालतात असं ऐकलंय, खरं का?

कोवलूनकर

खरं. 'हाम यू'. खारवलेला मासा आणि कोंबडी घालून परतलेला भात. पहिल्या वाफेला तुला रेवसच्या वाळवणाची आठवण येईल.

रोखठोक

बिलाचं कुणी बोललं नाही. आमच्या ग्रुपमध्ये टीटीएमएम (तुझं तू, माझं मी), भांडण नाही. दहा माणसांत एकाने भरायचं ही पद्धत मला पटत नाही. उपकार राहतात.

भोसरीकर

उपकार राहावेत म्हणूनच ती पद्धत आहे, रोखठोकराव. आज त्यांनी दिलं, उद्या तुम्ही बोलवायचं. हिशेब त्या रात्री मिटला तर पुढच्या भेटीला निमित्त काय उरलं? ग्वांगझूत मी दोन म्हाताऱ्यांना बिलासाठी एकमेकांचे हात पिरगाळताना पाहिलंय, अगदी प्रेमाने. एक जण तर चहा ओतायच्या निमित्ताने उठून आधीच काउंटरवर पैसे देऊन आला. आपल्याकडे लग्नात अहेर नको म्हणत हातात पाकीट कोंबतात ना, तोच प्रकार.

पानगळताई, तुम्ही बिल द्यायचा आग्रह एकदा करा, दोनदा करा, मग थांबा. तिसऱ्यांदा केलात तर त्यांना वाईट वाटेल. रिकाम्या हाताने जाऊ नका. चांगली फळं न्या, दोन्ही हातांनी द्या. चारच्या संख्येत काही नको, 'चार' आणि 'मरण' यांचा उच्चार जवळचा. घड्याळ तर चुकूनही नको.

शाकंभरी

भोसरीकरांचा प्रतिसाद आवडला. त्याला जोडून, पदार्थांची संख्याही मोजतात. आठ शुभ. सात पदार्थांचं जेवण हाँगकाँगमध्ये अंत्यविधीनंतरचं असतं, म्हणून एरवी सातावर थांबत नाहीत. आपल्याकडे पानात तीन पोळ्या वाढत नाहीत, तसं.

चहा ओतला की दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच टकटक करा, ते आभार. राजा वेश पालटून फिरत होता, त्याने नोकराला चहा ओतला, आणि नोकराला नमस्कार करता येईना म्हणून त्याने बोटांनी साष्टांग घातला, अशी कथा सांगतात. चियानलुंग बादशहाची. खरी असो नसो, आमच्या मुलांना फार आवडते.

डॉकयार्डरोड

पंगतीशी तुलना करावीशी वाटते. पंगतीत पान माझं, डावीकडे मीठ-लिंबू माझं, वाढपी येतो, मी नको म्हणतो, तो वाढतोच. इथे पानच सगळ्यांचं. आग्रह मात्र दोन्हीकडे तोच. कोलकात्याला एका कँटनीज सुतार कुटुंबाकडे जेवलो तेव्हा आजीबाई माझी वाटी रिकामी होऊ देत नव्हत्या. मी वाटीवर हात ठेवला तर त्यांनी बोटांच्या फटीतून मश्रूम सरकवला. कुठलीही भाषा कॉमन नव्हती आमच्यात.

पानगळ

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. सासूबाईंनी धागा शेजारी बसून वाचून घेतला. डॉक्टरांची गोष्ट दोनदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "मी येते. उपाशी राहिले तर घरी येऊन दहीभात खाईन." बाईंना 'जाय' असं कळवलंय. त्यांचं उत्तर आलं की त्यांची आईही पहिल्या आणि पंधराव्या तिथीला जायच खाते.

रोखठोक

त्या स्वतः येते म्हणाल्या ना, मग माझा आक्षेप मागे. वृत्तांत टाका.

पानगळ

वृत्तांत. रविवारची सकाळ आहे, घर झोपलंय, म्हणून निवांत लिहिते.

बसल्याबरोबर बाईंच्या आईने (वय ऐंशीच्या पुढे) वाडगा ओढला आणि चहाने सगळ्यांच्या वाट्या विसळायला घेतल्या. सासूबाई दोन क्षण बघत राहिल्या. मग उठल्या, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि चमचे विसळायला लागल्या. दोघींनी मिळून दहा जणांची भांडी विसळली. एकीने ओतायचं, दुसरीने फिरवायचं. आम्ही बाकीचे नुसते बसलो होतो.

लो हान जाय सगळ्यात आधी आलं. बाईंनी काच फिरवायच्या आधीच स्वच्छ चमच्याने सासूबाईंची वाटी भरली, आणि वेगळी बशी काढून त्यांच्यापुढे ठेवली, म्हणजे नंतर त्यांना मधल्या ताटलीतून घ्यावंच लागलं नाही. शाकंभरी, हे मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच केलं. नाळीची भाजीही होती. सासूबाई म्हणाल्या देठं जरा जास्त कोवळी घेतलीत, पण लसूण छान लागलाय.

मासा आला तेव्हा तोंड सासऱ्यांकडे. गालाचा तुकडा बाईंच्या वडिलांनी त्यांच्या वाटीत घातला. सासऱ्यांनी बोटांनी टकटक केलं (ते चहासाठी असतं, पण कुणी काही बोललं नाही, म्हातारे हसले आणि त्यांनीही टकटक केलं). सूप त्यांनी घेतलं नाही. आम्ही आधीच सांगितलं होतं, त्यांच्यासाठी वेगळं गरम पाणी आणि चहा ठेवला होता.

चुकलं एकच. सासूबाईंनी भातात काड्या उभ्या खोचून ठेवल्या, हात मोकळे करायला. क्षणभर टेबल गप्प झालं. बाईंच्या आईने हळूच त्या काढून आडव्या ठेवल्या आणि सासूबाईंच्या हातावर थोपटलं. नंतर बाईंनी मला सांगितलं की मृतांसाठी उदबत्ती तशी खोचतात. मी घरी येताना सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मग मला तेव्हाच रागवायला हवं होतं त्यांनी. किती समजूतदार बाई."

शेवटी लाल चवळीसारख्या दाण्यांचं गरम गोड सूप, संत्र्याच्या वाळलेल्या सालीचं. सासूबाईंनी दोन वाट्या घेतल्या आणि साल किती दिवस वाळवतात ते मला विचारायला लावलं. तेवढ्यात बाईंचा भाऊ बिल देऊन आला होता. मी दोनदा आग्रह करून थांबले, भोसरीकर.

तांबडारस्सा

आणि ठेचा?

पानगळ

पर्समध्येच राहिला. मासा खाल्ल्यावर सासरे म्हणाले, राहू दे आता.

तांबडारस्सा

सासऱ्यांना कोल्हापूरकराचा नमस्कार सांगा. मासा खरंच चांगला असणार.

रेवसची_सई

भांडी विसळणाऱ्या दोघी डोळ्यांपुढे आल्या. सालीचं काय उत्तर मिळालं? आमच्याकडे संत्र्याच्या साली उटण्याला वाळवतात.

पानगळ

सई, जुनी जितकी तितकी चांगली, वर्षानुवर्षं ठेवतात म्हणे. बाईंच्या आईने काल एक पुडी पाठवलीय. ती सातारला जाणार आहे. आणि सासूबाईंनी कालपासून एकच लावलंय: या मंडळींना साताऱ्याला बोलवायचं, तर त्यांना पाटावर पंगतीत बसवायचं की टेबलावर?

डॉकयार्डरोड

पाटावर. गुडघे दुखत असतील तर आजींना खुर्ची, आणि त्यांच्या शेजारी सासूबाईंनाही.